उसने नकार

कुणी काही मागितलं आणि समोरून लगेच उत्तर आलं नाही, की उत्तर कळलेलंच असतं. ‘शनिवारी जरा मदतीला येशील का?’ असं विचारावं. पलीकडे क्षणभर शांतता, मग ‘अं…’, मग ‘शनिवारी म्हणजे बघ…’, आणि तेवढ्यात विचारणारा मनातल्या मनात दुसऱ्या कुणाचं नाव शोधायला लागलेला असतो. ‘नाही’ हा शब्द अजून आलेलाच नसतो. बहुतेकदा तो शेवटपर्यंत येतही नाही.

माणसं एकमेकांशी कशी बोलतात हे ध्वनिमुद्रणं ऐकून, उसासे-खाकरण्यांसकट टिपून ठेवणारे अभ्यासक आहेत. १९६०च्या दशकात हार्वी सॅक्स या समाजशास्त्रज्ञाने या कामाचा पाया घातला. या लोकांच्या हाती लागलेली सगळ्यात ठाशीव गोष्ट म्हणजे होकार झटकन आणि थोडक्यात येतो, नकार मात्र उशिरा आणि लवाजमा घेऊन येतो. आधी थांबणं, मग ‘खरं तर’, मग थोडं कौतुक किंवा दिलगिरी, आणि शेवटी कारण. २००९ साली टान्या स्टिव्हर्स आणि तिच्या सहकाऱ्यांनी दहा भाषांतले प्रश्न आणि त्यांची उत्तरं मोजून पाहिली. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी जेमतेम एक पंचमांश सेकंद जातो. इतक्या घाईच्या कारभारात कुणी सेकंदभर गप्प राहिलं, तर तो बरंच काही बोलून गेलेला असतो.

आणि हे बायकांपुरतं नाही. सगळेच असे नकार देतात.

हे मुद्दाम सांगायचं कारण असं की घरोघरची समजूत नेमकी उलटी आहे. पुरुष एक घाव दोन तुकडे करतो, बाई आढेवेढे घेते. पुरुषाचं ‘नाही’ म्हणजे नाही, बाईच्या ‘नाही’चा अर्थ लावावा लागतो. या समजुतीवर ठाम बोलायला शिकवणाऱ्या कार्यशाळांचा एक अख्खा धंदा उभा आहे. मी बसते त्या टेबलावरून आजूबाजूचे फोन ऐकू येतात (ऐकायचे नसतात, पण येतात). आमच्याकडचे एक साहेब हाताखालच्या लोकांना एका शब्दात वाटेला लावतात. त्याच साहेबांना वरून फोन आला आणि मागणी झेपणारी नसली, की ‘हो हो, नक्कीच, म्हणजे करायला हरकत काहीच नाही, फक्त या आठवड्यात जरा…’ असं ते कुठल्याही नव्या मुलीला लाजवतील इतकं मऊ बोलतात. एक घाव दोन तुकडे करायला आधी आपण उंचावर उभं असावं लागतं.

१९७३ साली रॉबिन लेकॉफ या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी मांडलं होतं की बायकांच्या बोलण्यात ‘मला वाटतं’, ‘म्हणजे तसं’, ‘हो ना?’ अशी मवाळ करणारी जोड जास्त असते. १९८० साली विल्यम ओबार आणि बोमन ॲटकिन्स यांनी अमेरिकेतल्या न्यायालयात साक्षी ऐकून ही गोष्ट पडताळली. तज्ज्ञ म्हणून साक्षीला आलेल्या बायका फार अडखळत नव्हत्या. उलट सामाजिक उतरंडीत खाली असलेले पुरुष ‘मला वाटतं’, ‘तसं काहीसं’ करत बोलत होते. बाईपणापेक्षा त्या मवाळपणाचा संबंध हातातल्या सत्तेशी जास्त निघाला. हे वाचल्यावर मला त्या साहेबांचा फोन आणखी चांगला ऐकू यायला लागला.

‘स्पष्ट नाही म्हणा’ या उपदेशावरचं सगळ्यात नेमकं बोट १९९९ साली सीलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ या दोघींनी ठेवलं. शरीरसंबंधाच्या बाबतीत मुलींना त्या काळी असं शिकवलं जात होतं (आजही जातं) की कारणं देऊ नका, माफी मागू नका, सरळ ‘नाही’ म्हणा. या दोघींचं म्हणणं असं की रोजच्या व्यवहारात कुणीच असा नकार देत नाही. साध्या आमंत्रणालासुद्धा नाही. मग जो माणूस फोनवरच्या एका ‘अं’वरून समजतो की हा काही शनिवारी येत नाही, त्यालाच एकांतात मुलीचं गप्प होणं, विषय बदलणं, अंग चोरणं कळत नाही, हे कसं काय मानायचं? पुढे २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या काही संशोधकांनी तरुण मुलग्यांच्या गटांशी बोलून पाहिलं. मुली ‘नाही’ न म्हणता नाही कसं सुचवतात, याची या मुलग्यांनी उत्तम वर्णनं केली. उशीर झाला म्हणणं, उद्या सकाळी लवकर काम आहे म्हणणं, सगळं. बोलणं बलात्काराची जबाबदारी कुणाची याकडे वळलं, तेव्हा मात्र मुलींचं काही नीट कळतच नाही असा सूर लागला.

म्हणजे ऐकू येण्याची अडचण नाही. ऐकलेलं मानण्याची आहे.

फरक शोधायचा तर शब्दांत शोधून हाती फारसं लागत नाही, असं माझं मत होत चाललंय. कुणाच्या नावावर नकार दिला जातो ते पाहावं. तिथे गंमत आहे.

एका गृहस्थाला मित्रांबरोबर सहलीला जायचं नाही. दमलाय, किंवा त्यातल्या दोघांचा त्याला कंटाळा आलाय. हे बोलून दाखवणं शक्य नाही. म्हणून तो म्हणतो, ‘अरे, घरून परवानगी नाही. बायको डोकं खाईल.’ मित्र हसतात, पाठीवर थाप मारतात, सुटका होते. ज्या बाईने परवानगी नाकारली तिला यातलं काही ठाऊकच नसतं. तिने उलट ‘जाऊन ये की’ म्हटलेलं असतं, घरात जरा शांतता मिळेल म्हणून. पण मित्रांच्या डोक्यात ती आता कजाग म्हणून पक्की बसली. पुढे कधीतरी चार माणसांत भेट होते आणि कुणीतरी म्हणतं, ‘वहिनी, आमच्या मित्राला जरा मोकळा सोडत जा हो.’ मला हे ऐकवलं गेलेलं आहे. त्या दिवशी घरी परतताना गाडीत जे बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बाईही नकार उसना घेते, पुष्कळ घेते. विमा गळ्यात मारायला आलेल्याला ‘ह्यांना विचारून सांगते’. गटाचं हिशेबाचं काम अंगावर येतंय असं दिसलं की ‘घरी नाही आवडायचं’. स्वतः महिन्याला लाखोंचे व्यवहार सही करून मोकळे करणाऱ्या बाईला मी हे म्हणताना ऐकलंय, आणि तिच्या नवऱ्याला असल्या कशाशीही देणंघेणं नसतं हेही मला माहीत आहे. ती आज्ञाधारक वगैरे मुळीच नाही. तिने हिशेब केलेला आहे. ‘मला करायचं नाही’ म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, ‘का बरं?’ ‘ह्यांना चालणार नाही’ म्हटलं की येत नाही.

दोघंही एकमेकांच्या नावाआड लपतात, इथपर्यंत बरोबरी आहे. पण त्याने तिचं नाव वापरलं की ती भांडकुदळ ठरते. तिने त्याचं नाव वापरलं की तो घराचा मालक ठरतो. तो चुकूनसुद्धा भांडकुदळ ठरत नाही.

याचंच कडू टोक रस्त्यावर दिसतं. एखादा अनोळखी माणूस पाठ सोडत नाही, नंबर मागतोय. ‘मला बोलायचं नाही’ याचा उपयोग होत नाही, कारण त्यावर ‘एकदा बोलून तर बघ’ असं उत्तर तयार असतं. ‘माझं लग्न ठरलंय’ हे मात्र चालतं, आणि नसलं ठरलं तरी चालतं. समोर उभ्या असलेल्या मुलीच्या इच्छेपेक्षा कधी न पाहिलेल्या, कदाचित अस्तित्वातच नसलेल्या एका पुरुषाचा हक्क त्याला जास्त समजतो. मैत्रिणींच्या तरुण मुली मला सांगतात की हल्ली नंबरातला एखादा आकडा बदलून देण्याचीही सोय राहिली नाही, तो तिथल्या तिथे फोन लावून बघतो.

नकार देताना समोरच्याला वाईट वाटेल का, हा विचार पुरुषही करतात. बाईच्या डोक्यात आणखी एक हिशेब चालू असतो: हा चिडला तर? दार कुठे आहे, आसपास कोण आहे, उद्या हा पुन्हा याच जिन्यावर भेटणार आहे का? म्हणून ती नकार हसत हसत देते, आणि पुढे कुणीतरी त्या हसण्याचाच दाखला देतं. कायद्याला हे उमगायला फार वेळ लागला. जर्मनीत २०१६ साली कायदा बदलेपर्यंत नुसता नकार पुरेसा धरला जात नव्हता, बळजबरी किंवा धमकी दाखवावी लागे. स्वीडनने १ जुलै २०१८पासून प्रश्नच फिरवला: तिने विरोध केला का, असं न विचारता ती स्वेच्छेने सहभागी होती का, असं विचारायचं. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, एवढं तिथे कागदावर यायला एकविसाव्या शतकाची दोन दशकं होत आली होती.

घराच्या आतला पुरुषी नकार हा वेगळाच प्रकार आहे. तो ऐकायला होकारासारखा असतो. ‘हो, करतो.’ ‘बघतो ना.’ ‘सांगितलंस ना एकदा, लक्षात आहे.’ नळाची गळती असो, डॉक्टरकडे जाणं असो की मुलाच्या शाळेतल्या बाईंना भेटणं असो. यात कुठेही ‘नाही’ नाही. पण काम होत नाही, आठवण केली की ‘किती मागे लागतेस’ असं होतं, आणि शेवटी ती स्वतः करून टाकते. नकार कुणी दिला असं विचाराल तर कुणीच दिला नाही. भांडणात तो शपथेवर सांगू शकतो की मी कधी नाही म्हटलं? आणि ते खरंच असतं.

यावरही अभ्यास झालेला आहे. अँड्र्यू ख्रिस्टेन्सेन आणि ख्रिस्टोफर हेवी यांनी १९९० साली जोडप्यांना एकमेकांत हवे असलेल्या बदलांवर बोलायला बसवलं. बायकोला बदल हवा असेल तेव्हा ती मागे लागते आणि नवरा मिटून घेतो, हे चित्र ठळक दिसलं. पण बदल नवऱ्याला हवा असलेल्या विषयावर बोलणं आलं तेव्हा हा फरक उरला नाही. मला हा निष्कर्ष फार आवडतो, कारण ‘पुरुषांना बोलताच येत नाही हो’ या लाडिक सबबीतली हवा त्याने काढून घेतली. ज्याचं सध्याच्या व्यवस्थेत बरं चाललंय त्याला नकार देण्यासाठी तोंड उघडावंच लागत नाही. नुसतं बसून राहिलं की पुरे. बदल हवा असलेल्यालाच बोलावं लागतं, पुन्हा बोलावं लागतं, आणि त्याला कटकट हे नाव पडतं.

बायकाही मिटून घेतात, नाही असं नाही. मैत्रिणीचा मेसेज चार दिवस न उघडता ठेवणं हा आमचा प्रांत आहे आणि त्यात आम्ही पारंगत आहोत.

पुरुषाची खरी गोची मात्र पुरुषांमध्येच होते. बायकोला ‘बघतो’ म्हणून वर्षानुवर्षं टोलवणारा माणूस मित्राने जामीन राहायला सांगितलं की घरी न विचारता सही करून येतो. इथे एकदम बायकोची परवानगी आड येत नाही, हे पाहण्यासारखं आहे. सहलीला नको म्हणताना तिचं नाव चालतं, कारण ती बाब चेष्टेची. पैशाच्या बाबतीत बायकोला विचारून सांगतो म्हणणं म्हणजे आपल्याकडे काही सत्ता नाही हे कबूल करणं. हप्ते थकतात, मित्र फोन उचलत नाही, बँकेची पत्रं याच्या नावाने यायला लागतात. ‘नाही म्हणाला का नाहीस?’ याला उत्तर एकच, ‘कसं म्हणणार?’ तसंच कुणी ‘घाबरलास काय?’ म्हटल्यावर गाडी पळवणं, झेपत नसलेलं वजन उचलणं, तापात कामावर जाणं. आणि शरीरसंबंधाला पुरुष नको म्हणाला तर ते त्याला नकोच असू शकतं यावर कुणाचाच विश्वास नाही, बायकोचासुद्धा नाही. ती स्वतःत खोट शोधते, नाहीतर त्याच्यात. हा नकार त्याला कुणाच्या नावावर द्यायची सोय नाही. डोकं दुखण्याची सबबही वाटून घेतलेली आहे.

कामाच्या ठिकाणी येऊ. तिथे आकडे आहेत.

मीटिंगची टिपणं लिहिणं, निघून जाणाऱ्याच्या निरोपासाठी वर्गणी गोळा करणं, नव्या माणसाला सगळं समजावणं, कुणी पाहायला नको असलेल्या समितीवर बसणं. कुणीतरी करायलाच हवीत आणि केल्याने बढती मिळत नाही अशी ही कामं. लिंडा बॅबकॉक, मारिया रेकाल्दे, लीझ वेस्टरलुंड आणि लॉरी वाइनगार्ट या चौघींनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या कामांचा एक साधा खेळ केला. तिघांचा गट, दोन मिनिटांचा वेळ, प्रत्येकासमोर एक बटण. कुणीच दाबलं नाही तर तिघांना एकेक डॉलर. कुणी दाबलं तर त्याला सव्वा डॉलर, बाकीच्या दोघांना दोन-दोन. म्हणजे दुसऱ्याने दाबावं यातच शहाणपण. लोक शेवटच्या सेकंदांपर्यंत एकमेकांची वाट बघत बसत, आणि मिश्र गटांत बायका पुरुषांपेक्षा ४८ टक्के जास्त वेळा बटण दाबत.

इथे थांबलं तर बायका मुळातच परोपकारी असतात असं म्हणून त्यांना एक फूल देऊन वाटेला लावता येईल. पण संशोधकांनी नुसत्या बायकांचे आणि नुसत्या पुरुषांचे गटही बसवले. फरक नाहीसा झाला. सगळे पुरुष असले की पुरुष मुकाट बटण दाबत होते. म्हणजे बाई खोलीत असली की ती दाबेल अशी सगळ्यांची, तिचीही, अपेक्षा असते, इतकंच. पुढच्या प्रयोगात एक चौथा माणूस आणला, ज्याने तिघांपैकी एकाला विनंती करायची. बायकांना ४४ टक्के जास्त विनंत्या आल्या, आणि विनंती करणाऱ्या बायकाही बायकांकडेच वळल्या. विनंती झाल्यावर बायकांनी ७६ टक्के वेळा मान्य केली, पुरुषांनी ५१ टक्के.

तेव्हा ‘बायकांनी नाही म्हणायला शिकावं’ हा सल्ला देणाऱ्याने आधी हे मोजावं की तिला किती वेळा विचारलं जातं. पुरुषाला दिवसात एकदा नको म्हणायचं असतं, तर ते ताजं असतं, त्याला वजन असतं. बाईचा तिसरा नकार तिच्या स्वभावात जमा होतो. शिवाय विचारणाऱ्याला वाटत असतं, ‘मी नुसतं विचारलं, कुणी जबरदस्ती केली?’ फ्रान्सिस फ्लिन आणि व्हनेसा लेक यांनी २००८ साली दाखवलं की मदत मागणाऱ्याला समोरचा हो म्हणण्याची शक्यता असते त्याहून बरीच कमी वाटते, कारण तोंडावर नकार देणं किती अवघड असतं हे मागणारा लक्षातच घेत नाही. साहेब असला तर आणखीच नाही.

आणि समजा शिकली ती नाही म्हणायला. मॅडलिन हाइलमन आणि ज्युली चेन यांनी २००५ साली लोकांना एकच प्रसंग वाचायला दिला: सहकारी अडचणीत आहे, मदत मागतोय. मदत करणारा पुरुष असेल तर लोकांच्या नजरेत तो चढला, बाई असेल तर काही फरक पडला नाही. ते तिचं कामच. मदत नाकारणारी बाई असेल तर ती उतरली. पुरुषाने नाकारली तर त्याचं विशेष काही बिघडलं नाही.

आमच्या ऑफिसात मीटिंगची टिपणं आता पाळीपाळीने लिहितात. यादी भिंतीवर लावली आहे, कुणी कुणाला विचारायचं नाही. चांगलं चाललंय. पुरुषांची टिपणं जरा आखूड येतात, पण एका सहकाऱ्याने अशी सुरेख लिहिली की सगळ्यांनी वाहवा केली आणि कुणीतरी म्हणालं, ‘तुम्हीच लिहीत जा ना दर वेळी.’ तो कागद आवरता आवरता म्हणाला, ‘छे, मला नाही जमणार. पुढचं नाव बघा कुणाचं आहे.’ कारण नाही, दिलगिरी नाही, थांबणंही नाही. सगळे हसले आणि विषय संपला. माझी पाळी झाली तेव्हा मलाही तेच सुचवण्यात आलं. मी त्याचंच वाक्य, शब्द न बदलता, शक्य तितक्या त्याच्याच सुरात म्हटलं. दोघं-तिघं हसले. दुपारी पाण्याच्या टाकीपाशी एका बाईंनी माझ्या दंडावर हात ठेवून हळूच विचारलं, ‘काय गं, घरी सगळं ठीक आहे ना?’